ध्यानानं डोकं चालतं का? सहा आठवडे स्वतःवर करून बघायचा प्रयोग

गेल्या पावसाळ्यात तास संपल्यावर एक विद्यार्थिनी वर्गाबाहेर थांबली होती. गडहिंग्लजकडची, कोल्हापुरात राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकणारी. "सर, ध्यान केलं की डोकं चालतंय म्हणत्यात. खरं हाय का?" मी घाईत होतो. "होय होय, कर की, फायदाच होईल," म्हणून सुटलो. महिन्याभरानं तीच जिन्यात भेटली. "झोप लई भारी लागतीया सर. पण पेपर हाय तसाच गेला."

मला माझ्या उत्तराची लाज वाटली. प्रश्न खरा होता आणि त्यावर जगभरात विद्यार्थ्यांना घेऊनच प्रयोग झालेले आहेत. ते मी नंतर नीट वाचले, तिच्यासह काही मुलांकडून पद्धतशीर करून घेतलं आणि स्वतःही केलं. तिला तेव्हा द्यायचं राहून गेलेलं उत्तर इथं सविस्तर लिहितोय.

एका वाक्यात तीन दावे

"ध्यानानं डोकं चालतं" असं आपण म्हणतो तेव्हा तीन गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो.

पहिली सजगता, म्हणजे माइंडफुलनेस. आत्ता या क्षणी आपलं लक्ष कुठं आहे याचं भान. दुसरी लक्ष टिकवण्याची आणि चार गोष्टी एका वेळी डोक्यात धरून ठेवण्याची ताकद. बेरीज करताना आपण हातचा धरतो ना, ती. मानसशास्त्रात तिला कार्यरत स्मृती म्हणतात. तिसरी खरी विचार करण्याची कुवत: पुरावा तपासणं, स्वतःच्या पहिल्या उत्तरावर शंका घेणं, समोरच्याच्या बोलण्यातली फट ओळखणं.

पहिल्या दोन गोष्टींच्या बाजूनं बऱ्यापैकी पुरावा आहे. अमेरिकेत सांता बार्बरा इथल्या विद्यापीठात ४८ विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दोन आठवडे, आठवड्यातून चार वेळा, ४५ मिनिटांचा सजगतेचा वर्ग. उरलेल्यांना तेवढाच वेळ आहारशास्त्राचा वर्ग. सजगतेच्या गटाचं उताऱ्यावरच्या प्रश्नांचं गुणांकन सुधारलं, कार्यरत स्मृतीही सुधारली. त्यातही फायदा दिसला तो मुळात ज्यांचं मन जास्त भरकटत होतं त्यांच्यात. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा. ज्याचं चित्त आधीच जागेवर आहे त्याला यातून फार काही मिळेल असं नाही.

त्याआधी २०१० साली आणखी एक छोटा प्रयोग झाला होता. चार दिवस, रोज २० मिनिटं ध्यान. तुलनेसाठीचा गट तेवढाच वेळ एका कादंबरीचं वाचन ऐकत बसला. मूड दोन्ही गटांचा सुधारला, पण कार्यरत स्मृती सुधारली ती फक्त ध्यानवाल्यांची. म्हणजे "बरं वाटतंय" हा ध्यान लागू पडल्याचा पुरावा होत नाही. बरं तर कादंबरी ऐकूनही वाटतं.

तिसऱ्या गोष्टीचं प्रकरण अवघड आहे. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या संशोधकांनी २०१८ साली नेमका हाच प्रश्न घेतला: विद्यापीठातल्या मुलांची चिकित्सक विचार करण्याची क्षमता ध्यानानं वाढते का? सहा आठवडे, अ‍ॅपवरून. एका गटाला खरं सजगतेचं ध्यान, दुसऱ्याला दिसायला ध्यानच, पण त्यातली मूळ शिकवण काढून टाकलेलं. शेवटी दोन्ही गटांची सजगता वाढलेली दिसली, चिकित्सक विचाराचे गुणही दोन्हींचे वाढले. फरक मात्र सापडला नाही. नुसत्या ध्यानाचं म्हणून जे श्रेय द्यायचं, ते देता आलं नाही.

केंब्रिजमध्ये ६१६ विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासाचाही निष्कर्ष २०१८ मध्येच आला. आठ आठवड्यांच्या सजगता वर्गानंतर परीक्षेच्या काळातला मानसिक त्रास स्पष्ट कमी होता. आमच्या पोरीची झोप भारी झाली, ती याच खात्यात जमा.

या सगळ्यातून माझं मत असं बनलंय: ध्यान एकच गोष्ट थेट शिकवतं, लक्ष निसटलं हे लवकर कळणं. ते कळल्यानंतर विचार करायचा की नाही, हे काम तुमचंच. ते ध्यानाच्या आसनावर होत नाही, वहीत होतं. म्हणून खालच्या पद्धतीत अर्धं लक्ष ध्यानावर आहे आणि अर्धं त्या वहीवर.

पहिला आठवडा: ध्यान नको, नुसती नोंद

उत्साही मुलं ही पायरी गाळतात आणि मग महिन्यानं "फरक वाटतोय बहुतेक" असं म्हणत राहतात. पहिला आठवडा ध्यान करायचंच नाही. आपलं मन किती भरकटतं ते मोजायचं.

हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना दिवसभरात अवचित फोनवर विचारलं, आत्ता तुमचं मन हातातल्या कामात आहे का? जवळपास ४७ टक्के वेळा उत्तर "नाही" असं आलं. तेव्हा तुमचा आकडा वाईट निघाला तर दचकू नका.

मोजायचं कसं? सोपा मार्ग म्हणजे वाचताना मन भटकलं की समासात रेघ मारायची. मी आधी मुलांना हेच सांगत होतो आणि फसलो. ध्यान सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांच्या रेघा वाढल्या! "सर, आमचं उलटंच झालं." उलटं काही झालं नव्हतं. आधी दहा मिनिटं भटकून आलं तरी पत्ता लागत नव्हता, आता लागायला लागला. भान वाढलं की रेघा वाढणारच. त्यामुळं या रेघांवरून प्रगती मोजता येत नाही.

त्याऐवजी टकटकीची पद्धत वापरा. रूम पार्टनरला सांगून फोनवर अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग करून घ्या: सगळी शांतता, मधे मधे कमी-जास्त अंतरानं सहा वेळा टेबलावर चमच्यानं टकटक. असे तीन-चार वेगवेगळे तुकडे करून घ्या, नाहीतर टकटक कधी येणार ते पाठ होतं. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्डिंग लावायचं आणि अभ्यासाला बसायचं. टकटक झाली की त्या क्षणी मन पुस्तकात होतं का, एवढंच लिहायचं. "होतो" किंवा "नव्हतो". स्वतःशी खोटं बोलण्याचा मोह होतो. बोलू नका, वही कुणाला दाखवायची नाहीये.

आठवड्यातून दोनदा आणखी एक चाचणी. न वाचलेल्या प्रकरणाची सात-आठ पानं एकदा वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिहा. किती मुद्दे आले ते मोजून, तारीख टाकून कागद फाइलला लावून ठेवा. शेवटच्या आठवड्यात हेच परत करायचंय.

जागा आणि वेळ

शांत जागेच्या शोधात पंधरा दिवस घालवू नका. हॉस्टेलच्या खोलीत तिघं, बाहेर गणपतीच्या तोंडावर ढोल-ताशाचा सराव, अभ्यासिकेत खुर्च्या ओढल्याचे आवाज. कोल्हापुरात विद्यार्थ्याला मिळते ती शांतता एवढीच. रंकाळ्यावर पहाटे जायचं सगळ्यांच्या मनात येतं. जा, पण तिथं फिरायला येणाऱ्यांत निम्मी ओळखीची भेटतात. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात झाडाखालची जागा चांगली आहे, मोर ओरडला तर ओरडू दे. रोज कागलहून किंवा राधानगरीकडून एसटीनं येणाऱ्यांनी खिडकीची जागा मिळाली तर तिथंच बसून करावं. मी केलंय, होतं.

वेळ मात्र नीट निवडा. अभ्यासाला बसायच्या लगेच आधीची दहा मिनिटं सगळ्यात चांगली, कारण जे भान येतं ते थेट पुस्तकावर वापरता येतं. मेसमध्ये जेवून आल्यावर नको. तांबडा-पांढऱ्याच्या दिवशी तर नकोच. डोळे मिटल्यावर जे लागेल त्याला ध्यान म्हणता येणार नाही.

बसायचं कसं यावर फार खल नको. खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसा किंवा मांडी घाला. पाठ सरळ, खांदे सैल. पद्मासन जमत नाही म्हणून कुणाचं काही अडलेलं नाही.

दहा मिनिटं: नेमकं करायचं काय

गजर लावा, म्हणजे सारखं घड्याळ बघावं लागणार नाही. डोळे मिटा किंवा समोर जमिनीवर नजर सैल ठेवा.

श्वास कुठं जाणवतो ते शोधा. कुणाला नाकपुडीपाशी गार-गरम लागतं, कुणाला पोट वर-खाली होताना कळतं. एक जागा ठरवा आणि सहा आठवडे तीच ठेवा. श्वास लांब करायचा नाही, रोखायचा नाही. तो प्राणायाम झाला. चांगलाच आहे, पण इथं नको. इथं श्वास जसा येतो तसा येऊ द्यायचा आणि फक्त कळत राहायचं.

दुसरा आणि तिसरा आठवडा मोजत करा. श्वास सोडताना एक, पुढचा सोडताना दोन, असं दहापर्यंत, मग परत एक. चारवर असताना मेसचं बिल आठवेल. कधी सतरावर पोचल्यावर ध्यानात येईल की दहाला थांबायचं होतं. हसू आलं तर येऊ दे आणि परत एकपासून.

या परत येण्याचे तीन तुकडे आहेत आणि सगळी विद्या त्यांतच आहे. एक, निसटलो हे कळलं. दोन, कुठं गेलो होतो त्याला एका शब्दाचं नाव दिलं: "बेत", "काळजी", "आठवण", "भांडण". एकच शब्द, कथा नको. तीन, श्वासावर परत. स्वतःला शिवी द्यायची नाही, शाबासकीही नाही.

तालमीत गेलेल्याला हे पटकन समजतं. जोर मारताना खाली जाणं आणि वर येणं मिळून एक जोर होतो. खाली गेलो म्हणून वस्ताद रागावत नाही. दहा मिनिटांत वीस वेळा मन निसटलं आणि वीस वेळा परत आणलं, तर वीस जोर झाले. "माझं मन रिकामंच होत नाही, मला जमत नाही" म्हणून सोडून देणारी मुलं मी सगळ्यात जास्त बघितली. मन रिकामं करा असं कुणी सांगितलंच नव्हतं.

झोप येत असेल तर डोळे उघडे ठेवा, नाहीतर उभं राहून करा. रोजच येत असेल तर तुम्हाला ध्यानाच्या आधी रात्रीच्या झोपेची गरज आहे. मोबाइल किती वाजता ठेवता ते बघा. पायाला मुंग्या आल्या तर पाय हलवा. नाकाला खाज सुटली तर तीन श्वास थांबून बघा, बऱ्याचदा ती आपोआप जाते. नाही गेली तर खाजवा.

चौथ्या आठवड्यात मोजणं सोडा आणि वेळ पंधरा मिनिटं करा. पाचव्यात शेवटची पाच मिनिटं श्वास सोडून आवाजांकडे द्या: पंखा, केएमटी बसचा हॉर्न, शेजारच्या खोलीतली बडबड. आवाज ओळखला की त्यावर मत तयार होतं. "किती ओरडतात हे!" आवाज वेगळा आणि मत वेगळं, हे तिथं लख्ख दिसतं. सहाव्यात तेच विचारांबाबत करा: विचार आला, त्याच्या मागं गेलो नाही, तो गेला. हे रोज जमेल असं नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. परीक्षेच्या आठवड्यात पाच मिनिटं पुरे.

हा धागा अभ्यासाला बांधायचा

गॉलवेच्या प्रयोगातून मी घेतलेला धडा इथं आहे. ध्यान वेगळं आणि अभ्यास वेगळा ठेवला तर विचारात फरक पडेल याची खात्री नाही. तेव्हा तिसऱ्या आठवड्यापासून पुढच्या दोन सवयी जोडा.

पहिली वाचताना. उपमथळा संपला की थांबा, एक श्वास पूर्ण जाणवू द्या आणि समासात एक ओळ लिहा: इथं काय सांगितलं? पुस्तक इंग्रजी असलं तरी ओळ मराठीत, आपल्या शब्दांत. ओळ सुचली नाही तर तुम्ही डोळे फिरवले होते, वाचलं नव्हतं. परत वाचा. पहिल्या दिवशी वेग निम्म्यावर येतो आणि चिडचिड होते. आठवड्यानं चिडचिड कमी होते. वेग थोडा कमीच राहतो, राहू दे.

दुसरी उत्तर देताना. हे गणित बघा: मिसळ आणि चहा मिळून ११० रुपये झाले. मिसळ चहापेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. चहा केवढ्याला?

दहा, असं मनात आलं असेल. बहुतेकांच्या येतं. पण चहा दहाचा तर मिसळ एकशे दहाची आणि बिल एकशेवीस. चहा पाच रुपयांचा. (आता पाचला मिळत नाही, हे वेगळं.) शेन फ्रेडरिक यांनी २००५ साली मांडलेल्या एका छोट्या चाचणीतल्या बॅट आणि चेंडूच्या प्रश्नाचा हा कोल्हापुरी अवतार. गणित चौथीच्या पोराचं आहे. परीक्षा आहे ती पहिलं उत्तर तोंडावर आलं असताना क्षणभर थांबण्याची. ध्यानात निसटलेलं मन ओळखता, तसंच इथं झटकन आलेलं उत्तर ओळखायचं आणि त्याला नाव द्यायचं: "पहिलं उत्तर". मग तपासायचं.

गणितात हे सोपं जातं, मतांत जात नाही. म्हणून आठवड्यातून एकदा आपल्याला ज्यावर ठाम मत आहे असा प्रश्न घ्या. कोल्हापूरकराला २०१९ च्या महापुराचा प्रश्न द्यावा. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेलं, ते कशामुळं? प्रश्न वाचतानाच उत्तर येतं: कर्नाटकातलं अलमट्टी धरण. दुसरा म्हणतो पूररेषेतली बांधकामं. तिसरा म्हणतो राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे, चौथा म्हणतो पाऊसच तेवढा झाला. इथं दोन मिनिटं डोळे मिटून बसा आणि बघा, आपलं उत्तर कुणी खोडलं तर छातीत, जबड्यात काय होतं. ती गरमी कळली की वही उघडा आणि तीन ओळी लिहा. माझं म्हणणं काय? ते खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं होतं: कुठल्या तारखेचा विसर्ग, कुठल्या ठिकाणची पातळी? आणि कुठला आकडा समोर आला तर मी मत बदलेन? तिसऱ्या ओळीला पेन अडतं. त्या अडलेल्या जागेवरच थोडं बसून राहायचं असतं. वर्गात हा प्रश्न दिला तेव्हा अर्धा तास नुसता आरडाओरडा झाला होता. या पद्धतीनं दिला तेव्हा दोन पोरं उठून पाटबंधारे खात्याचे आकडे शोधायला लागली.

शास्त्राची खाज असलेल्यांनी मित्राला जोडीला घ्यावं. नोंदीचा आठवडा झाल्यावर तीन आठवडे एकानं ध्यान करावं, दुसऱ्यानं तेवढाच वेळ डोळे मिटून नुसतं बसावं, मग अदलाबदल. टकटकीचे आकडे दोघांचेही ठेवा. नुसतं बसणाराही सुधारला, तर श्रेय फोन बाजूला ठेवून दहा मिनिटं गप्प बसण्याचं असू शकतं.

कुणी थांबावं

सगळ्यांना डोळे मिटून बरंच वाटतं असं नाही. छाती धडधडायला लागली, जुना नकोसा प्रसंग परत परत वर येऊ लागला, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटलं, तर "सहन करायला हवं" असं म्हणू नका. डोळे उघडा, उठा, पाय जमिनीवर आपटत चाला. पुढचे काही दिवस डोळे उघडे ठेवून, चालत चालत पावलांवर लक्ष ठेवायचा प्रकार करा. तरी तेच झालं तर बंद करा आणि डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. नैराश्याची किंवा तशी औषधं चालू असणाऱ्यांनी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ विपश्यनेचं धम्मालय केंद्र आहे. तिथली दहा दिवसांची शिबिरं मौनात असतात आणि फी घेतली जात नाही. मुलं विचारतात, जाऊ का? जा, पण सेमिस्टर संपल्यावर. पेपर तीन आठवड्यांवर आलेत आणि अभ्यास झालेला नाही, म्हणून दहा दिवस मौनात जाणं याला माझ्या भाषेत पळ काढणं म्हणतात.

सहा आठवड्यांनंतर

शेवटच्या आठवड्यात पहिल्यासारख्याच टकटकी आणि पुस्तक मिटून लिहायच्या दोन चाचण्या करा. प्रकरण तेवढंच अवघड आणि दिवसाची वेळ तीच असू द्या. "नव्हतो" कमी झाले आणि कागदावरचे मुद्दे वाढले, तर चालू ठेवा. फक्त "नव्हतो" कमी झाले आणि मुद्दे तेवढेच राहिले, तर लक्ष सुधारलंय पण अभ्यासाची पद्धत चुकतेय. दोन्हींत काही हललं नाही, तर खुशाल सोडा आणि ती दहा मिनिटं दुसरीकडं लावा. कुठं, तेही सांगतो. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवलं होतं की उतारा परत परत वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून मग न बघता आठवून काढणाऱ्यांच्या आठवडाभरानं जास्त लक्षात राहतं. वाचल्यावर लगेच विचारलं तर उलट वाचणारेच पुढं असतात, म्हणून आपण फसतो.

गडहिंग्लजच्या पोरीनं सगळं केलं, अगदी चमच्याची टकटकसुद्धा. फाइल घेऊन आली तेव्हा तिनं निर्णय आधीच घेतला होता. ध्यान आता ती रात्री झोपायच्या आधी करते. अभ्यासाच्या वेळी मात्र पुस्तक मिटते आणि कोरा कागद घेते.